स्वस्तात पिक्चर कसे बघायचात, आता कसे बघता आणि काय बघू?

तापीकाठ
काल आपल्या खानदेशातल्या सारंगखेड्याच्या जत्रेतल्या घोड्यांचे फोटो आले ग्रुपवर आणि मला घोडे सोडून तंबूतला पिक्चरच आठवला. खाली मातीत बसलं की तिकीट कमी, रीळ तुटलं की अख्खा तंबू शिट्ट्या मारायचा. आता पोरांनी इतके ओटीटी घेऊन ठेवलेत की दर महिन्याला कापूस विकावा लागेल. तर सांगा. सुचवण्या मराठी असतील तर आधी.

केळीचा_घड
आमच्याकडे गणपतीत चौकात पडदा. उशीर झाला की पडद्याच्या मागे जागा, तिकडून पाट्या उलट्या आणि सगळे हिरो डावखुरे. फुकट ते फुकट भो

कळण्याची_भाकरी
व्हीसीआर!! भाड्याने आणला की रात्रभरात तीन पिक्चर उरकायचेच, भाडं वसूल झालं पाहिजे ना, तिसरा कोणीच धड पाहिलेला नाही, सगळे आडवे, पण मामा बंद करू द्यायचा नाही. कुकर झाला, येते नंतर

धुळेकर
डीडी फ्री डिश. छत्री आणि डबा एकदाच घ्यायचा, महिन्याचं काही नाही. मळ्यात लावलंय, रात्री पाणी भरता भरता बघतो. लाईट रात्रीचीच आहे आमच्याकडे. सोलर पंप घेतला का कोणी?

शिरपूरनी_पोर
स्मिता पाटील बघा हो. घराणं आमच्या शिरपूरचं (जन्म पुण्याचा, माहितीये, दुरुस्ती करू नका). उंबरठा आजही तितकाच टोचतो, सासूबाईंसोबत बघितला, मध्येच त्या उठून गेल्या आणि दाराआडून बघत होत्या. मग जैत रे जैत, त्यात गाणी महानोरांची, म्हणजे दोघं आपल्याकडचेच

नकाशावाला
महानोरांचं पळासखेड सोयगाव तालुक्यात. जळगाव जिल्हा नाही.

शिरपूरनी_पोर
आलाच हा 😂

भरीतपार्टी
प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप टाका, नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, दूरदर्शनच्या जुन्या मालिका आहेत, आमचे आप्पा तर दुसरं काही लावूच देत नाहीत. थिएटरलाच जायचं असेल तर राष्ट्रीय सिनेमा दिनावर नजर ठेवा, २०२२ ला ७५ रुपये होते, पुढची दोन वर्षं ९९. आम्ही पोटभर शेवभाजी खाऊनच जातो, आत भूकच लागत नाही

गिरणाथडी
मालेगावचं कोणीच बोललं नाही? रीमा कागतीचा सुपरबॉईज ऑफ मालेगाव चांगलाच आहे पण आधी फैजा अहमद खानची सुपरमेन ऑफ मालेगाव ही डॉक्युमेंटरी बघा. यंत्रमागावरचा माणूस सुपरमॅन होतो, इकडेतिकडे जुगाड करून शूटिंग. हसता हसता गळा दाटतो. स्वस्तात पिक्चर बघायचं काय घेऊन बसलात, त्यांनी स्वस्तात बनवले

नकाशावाला
मालेगाव नाशिक जिल्हा.

गिरणाथडी
अहिराणी बोलतंस ना तठे? मग आपलंच शे

कळण्याची_भाकरी
आले. व्हीसीआर लावल्यावर पडद्यावर मुंग्या (काळे-पांढरे ठिपके) आल्या की पेट्रोलने हेड पुसायचे ते राहिलं सांगायचं, त्या वासाने माझं डोकं दुखायचं. पोरं विचारतात मुंग्या म्हणजे काय 😄

तापीकाठ
रविवारी उंबरठा. सासूबाई नाहीत पण आई आहे, बघू.

केळीचा_घड
@धुळेकर मी घेतला सोलर. मागेल त्याला पंपवाली योजना, आपले १० टक्के, एससी-एसटीला ५. सातबारावर विहिरीची नोंद आहे का बघून घ्या आधी