तेंदूपानाचा सामूहिक लिलाव आणि ग्रामसभांचा महासंघ

आमदार-खासदार एकत्र बसल्याशिवाय आणि मोठा कारखाना आल्याशिवाय पूर्व विदर्भातील खेड्यांच्या हातात पैसा येणार नाही, हे मत मला अर्धेच पटते. एकत्र येणे आवश्यकच आहे. मात्र ते आमदारांपासूनच सुरू झाले पाहिजे असे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा, म्हणजे ग्रामसभांचा महासंघ, उभी केली आहे आणि तिच्यात गावांच्या पुरुषांबरोबर स्त्री प्रतिनिधीही बसतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची (तेंदूपानासारख्या, लाकूड सोडून जंगलात मिळणाऱ्या वस्तूंची) मालकी गावांना मिळाली, तरी विक्रीच्या वेळी एकटे गाव ठेकेदारापुढे दुबळेच ठरते. विडीसाठी लागणारी तेंदूपाने अशी मोजतात: ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. ऐन उन्हाळ्यात फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, मोजून दिलेला हा माल थोडा असेल, तर ठेकेदार भाव पाडतो किंवा फिरकतच नाही. अनेक गावांचा माल एकाच लिलावात आला की बोली लावणारे वाढतात, आणि पाने तोडण्याच्या मजुरीव्यतिरिक्त मालकीपोटी मिळणारी रॉयल्टी थेट ग्रामसभेच्या खात्यात जाते. अर्थात जमाखर्च लिहिणारा विश्वासू माणूस प्रत्येक गावात सापडतोच असे नाही, आणि माझ्या मते खरी अडचण राजकारणापेक्षा तीच आहे. त्यामुळे लोकप्रतिनिधींना काही करायचेच असेल, तर हिशेबाचे प्रशिक्षण आणि पाने साठवण्यासाठी तालुक्याला एखादे गोदाम, एवढी मागणी आधी लावून धरावी.