मदत हवी आहे: आयटरपार्समध्ये क्लिअर करूनही मेमरी वाढते

१२ जीबीची एक्सएमएल फाइल पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल लायब्ररीतल्या आयटरपार्सने (फाइल तुकड्यातुकड्याने वाचणारं फंक्शन) वाचायची आहे. प्रत्येक नोंदीच्या 'एंड' इव्हेंटला (तिचा टॅग संपल्यावर) क्लिअर() केलं, तरी मेमरी चढतच जाते. कारण कळलंय: क्लिअर नोंद आतून रिकामी करतं, पण तिचं पोकळ टरफल पेरेंट एलिमेंटला (ती ज्या टॅगच्या आत आहे त्याला) तसंच चिकटून राहतं. अशी लाखो टरफलं म्हणजे चेष्टा नाही!

रूट.क्लिअर(), म्हणजे सर्वांत बाहेरचा टॅग रिकामा करणं, पुरत नाही; नोंदी थेट रूटखाली नसून 'गट' टॅगच्या आत आहेत. गटालाच क्लिअर केलं, तर त्याचा, टॅगमध्येच लिहिलेला, 'कोड' अ‍ॅट्रिब्यूटही पुसला जातो आणि तो तर प्रत्येक नोंदीला लागतो. 'स्टार्ट' इव्हेंटला (टॅग सुरू होताना) कोड व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवावा, की स्टॅक (उघड्या टॅगची यादी) सांभाळून पेरेंटमधून रिमूव्ह() करावं? एलएक्सएमएल या दुसऱ्या लायब्ररीसारखं पेरेंट शोधून देणारं गेटपेरेंट() इथे नाही. की सरळ सॅक्स पार्सरच (जो मेमरीत काही न साठवता फक्त इव्हेंट देतो) वापरावा?