रूट कॅनाल भरताना सीलर कोणता वापरावा: युजेनॉलचा, इपॉक्सीचा की बायोसिरॅमिक?

प्रश्न (दंतवैद्य, तालुक्याचे ठिकाण)

नमस्कार. गेली सात वर्षे मी स्वतःच्या दवाखान्यात रूट कॅनाल करते. पहिली चार वर्षे कॉलेजात हात बसलेला झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा (लवंगेच्या तेलातल्या घटकाचा) सीलर, म्हणजे नलिकेतल्या फटी बुजवणारी लुकण, वापरला आणि नंतर एएच प्लस या इपॉक्सी रेझिनच्या सीलरकडे वळले. आता पुरवठादाराचा प्रतिनिधी दर महिन्याला येऊन बायोसिरॅमिक सीलरची माहितीपत्रके ठेवून जातो. रंगद्रव्य किती झिरपले याचे आलेख त्यांत असतात आणि नवा सीलर प्रत्येक आलेखात पहिला येतो. सिरिंजची किंमत मात्र माझ्या सध्याच्या सीलरच्या कित्येक पट आहे आणि तो बोजा शेवटी रुग्णावरच पडणार.

सध्या हातात असलेली केस अशी आहे: खालची पहिली दाढ, दूरच्या मुळाच्या टोकाशी एक्स-रेमध्ये जुनी काळी सावली, आणि तीन पेपर पॉइंट (नलिका टिपून कोरडी करणाऱ्या कागदी काड्या) बदलूनही चौथ्याचे टोक ओलेच निघते. बायोसिरॅमिकला ओलावा चालतो, असे प्रतिनिधी म्हणतो. मग अशा दाताला तोच भरावा का? आणि उद्या हे काम उकरून पुन्हा करावे लागले, तर कोणता सीलर बाहेर काढता येतो?

उत्तर १ (एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे रूट कॅनालचे तज्ज्ञ, व अध्यापक)

डॉक्टर, आधी त्या आलेखांविषयी. काढलेल्या दातात रंगद्रव्य किती खोल शिरले यावरून तोंडातल्या दाताचे पुढे काय होईल हे सांगता येत नाही, हे आता बहुतेकांना मान्य आहे. 'जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स'च्या संपादक मंडळाने २००७ मध्येच अशा झिरपण्याच्या चाचण्यांविषयी गंभीर शंका नोंदवली होती. तेव्हा ती पत्रके बाजूला ठेवलेली बरी.

नलिकेतली मुख्य जागा गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरायची असते, आणि गट्टापर्चा व भिंत यांमधली फट बुजवणे एवढेच सीलरचे काम आहे. आयएसओ ६८७६ या मानकानुसार सीलरचा थर ५० मायक्रोमीटरपेक्षा जाड नसावा आणि त्याची विद्राव्यता ३ टक्क्यांच्या आत असावी. युजेनॉलचा सीलर पाण्याच्या संपर्कात हळूहळू विघटित होतो आणि त्यातून युजेनॉल सुटत राहते. एएच प्लस शरीराच्या तापमानाला साधारण ८ तासांत घट्ट होतो आणि त्याची विद्राव्यता अत्यल्प भरते. म्हणूनच नव्या सीलरची तुलना बहुतेक वेळा त्याच्याशी केली जाते. (त्याचा पूर्वज एएच २६ घट्ट होताना फॉर्माल्डिहाइड सोडत असे, आणि जुन्या पुस्तकांतला हा आक्षेप एएच प्लसच्या माथी मारणे योग्य नाही.) बायोसिरॅमिक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम सिलिकेट. ते दंतनलिकांतल्या (दाताच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांतल्या) ओलाव्याने घट्ट होते, कॅल्शियम हायड्रॉक्साइड सोडते आणि परिसर तीव्र अल्कधर्मी करते. ऊतींना ते मानवते. मात्र प्रयोगशाळेतल्या मोजमापांत त्याची विद्राव्यता अनेकदा एएच प्लसपेक्षा जास्त भरलेली आहे, ही बाब पत्रकात सापडणार नाही.

आता आपली दाढ. 'ओलावा चालतो' याचा अर्थ दंतनलिकांत नैसर्गिकपणे उरणारा ओलावा चालतो एवढाच आहे, आणि चौथ्या पेपर पॉइंटला लागतो आहे तो स्राव. स्राव येत असताना कोणताही सीलर भरू नये. सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने पुन्हा नीट धुवावे, तात्पुरते औषध म्हणून कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून एक-दोन आठवडे थांबावे, आणि पेपर पॉइंट कोरडा निघाल्यावरच भरावे. तेव्हा आपण एएच प्लस वापरलात तरी माझी हरकत नाही.

उत्तर २ (दवाखाना, तीस वर्षे)

वरच्या डॉक्टरांशी बहुतांशी सहमत आहे, पण युजेनॉलच्या सीलरला इतक्या लवकर मोडीत काढू नये. त्याचे अपयश पुष्कळदा मिसळण्यात असते. काचेच्या पट्टीवर भुकटी थोडीथोडी घेत, स्पॅट्युला दाबून घोटावी आणि मिश्रण वर उचलावे. तार इंचभर ताणली जाऊन मग तुटली, तर ते बरोबर झाले. लगेच गळून पडले तर ते पातळ आहे आणि तेच पुढे विरघळते. घाईच्या दवाखान्यात हे घोटणे नीट होत नाही, हे मान्य. ज्या दातात पुढे पोस्ट (कॅपला आधार देणारा मुळातला खुंट) रेझिन सिमेंटने बसवायचा आहे, तिथे युजेनॉल टाळावे, कारण ते रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही.

पुन्हा उकरण्याच्या प्रश्नावर मात्र मला जास्त लिहायचे आहे. गट्टापर्चा क्लोरोफॉर्म, झायलीन किंवा युकॅलिप्टॉलने मऊ पडतो. बायोसिरॅमिकला विरघळवणारे असे सोयीचे द्रावण नाही. गट्टापर्चाचा सुळका मुळाच्या टोकापर्यंत पोहोचलेला असेल तर त्याच्या वाटेने फाईल (नलिका खरवडणारी बारीक सुई) खाली नेता येते, पण तो टोकाआधी संपलेला असेल आणि पुढे नुसता घट्ट सीलर असेल, तर फाईल भिंतीवर आपटल्यासारखी थांबते. दुसरीकडून आलेल्या अशा एका दाढेच्या वाकड्या मुळावर मी दोन बैठका घालवल्या, टोकाची वाट मिळाली नाही आणि अखेर रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागले. म्हणून बायोसिरॅमिक वापरायचाच असेल तर सुळका पूर्ण लांबीचा आणि घट्ट बसणारा घ्यावा. सीलरवर भिस्त ठेवून सैल सुळका टाकू नये.

वय झालेल्यांना गट्टापर्चाऐवजी आलेला रेझिलॉनही आठवत असेल. २००४ च्या सुमारास तो आला तेव्हा 'सीलर, भरण आणि दात मिळून एकसंध ठोकळा' अशी त्याची जाहिरात होती आणि आम्हीही भुललो. पॉलिएस्टरवर आधारित तो पदार्थ दाताच्या मुळामध्ये टिकला नाही, गट्टापर्चाच्या तुलनेत त्याचे अपयश जास्त दिसले आणि आज तो बाजारात नाही. मी नव्या सीलरच्या विरोधात नाही. नव्या वस्तूला दहा वर्षे दुसऱ्यांच्या दवाखान्यात राहू द्यावे, एवढेच.

उत्तर ३ (बालदंतवैद्य)

एक पुरवणी. बायोसिरॅमिक सीलर आणि एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट हे दंतसिमेंट) यांची अनेकदा गल्लत होते. मूळ एकच घराण्याचे असले तरी काम वेगळे आहे. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एमटीए पुढे आणला. त्याचा पाया आपल्या बांधकामातल्या पोर्टलँड सिमेंटचाच आहे. लहान मूल पडून त्याचा पुढचा दात मेला आणि मुळाचे टोक उघडे राहिले, तर तिथे सुळका अडवायला काही नसते. अशा वेळी टोकाशी ४-५ मिलिमीटर एमटीएची बूच बसवतात. तिथे इपॉक्सी की बायोसिरॅमिक हा वादच उद्भवत नाही. एमटीएतल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे पुढचा दात काळवंडतो, हा त्याचा मोठा दोष आहे. बायोडेंटिन या त्याच जातीच्या नव्या सिमेंटमध्ये त्याऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड असून ते साधारण १२ मिनिटांत घट्ट होते.

प्रश्नकर्तीचे पुढचे लिखाण

सर्वांचे आभार. दाढेत कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून दोन आठवड्यांनी उघडली, तेव्हा पेपर पॉइंट पहिल्याच वेळी कोरडा निघाला. सुळका पूर्ण लांबीचा बसल्याचे एक्स-रेमध्ये पाहून एएच प्लसने भरली.

या निमित्ताने माझी जुनी रजिस्टरे काढली. माझ्याकडे परत आलेल्या दातांपैकी निम्म्याहून अधिक दातांवर रूट कॅनालनंतर तात्पुरते भरणच राहिले होते, कारण रुग्ण कॅपसाठी आलेच नव्हते. सीलर त्यांत दोन्ही प्रकारचे निघाले. मग सीलर बदलण्याआधी हेच का बदलू नये, असे वाटते.

उत्तर १ (पुन्हा)

आपण योग्य जागी बोट ठेवलेत. रे आणि ट्रोप या संशोधकांनी १९९५ मध्ये १,०१० दातांचे एक्स-रे तपासले. मुळाच्या टोकाच्या प्रकृतीशी नलिकेतल्या भरणाच्या दर्जापेक्षा वरच्या भरणाच्या दर्जाचा संबंध अधिक दिसतो, असे त्यांनी मांडले. त्यावर पुढे वाद झाले आणि दोन्ही भरणे चांगली हवीत असे अनेकांनी दाखवले, पण तात्पुरत्या सिमेंटखाली महिनोन्‌महिने राहिलेला दात वाचेल असे कोणीच म्हणत नाही. शक्य असेल तिथे नलिका भरली त्याच बैठकीत वर कायमचे भरण करून टाकावे, आणि कॅपचा खर्च रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगावा.