'अमेरिकेचं संविधान ही अथेन्सची देणगी': वादविवादासाठी मदत हवी

कायद्याची_पोर (अजनी, नागपूर)

नमस्कार मंडळी. मी लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात वादविवाद स्पर्धा आहे, विषय वर दिलाय, आणि चिठ्ठीत मला अनुकूल बाजू आली. वाटलं सोपं आहे: लोकशाही ग्रीकांची, इमारतींचे खांब ग्रीकांचे, झालं काम. मग फेडरलिस्ट उघडलं. हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी संविधान मंजूर व्हावं म्हणून १७८७-८८ मध्ये लिहिलेले ८५ लेख. त्यातल्या ५५व्या लेखात चक्क म्हटलंय की अथेन्सचा एकूण एक नागरिक सॉक्रेटिस असता, तरी तिथली सभा म्हणजे झुंडच झाली असती! आता अनुकूल बाजूने काय बोलू?

शिवाय आमच्याकडे एक परीक्षक हमखास विचारतात, "याचा आपल्या संविधानाशी काय संबंध?" त्याचंही उत्तर हवं. इंटरनेटवरचे दहा मुद्दे नकोत, कोणी वाचलेल्या माणसाने सांगा.

तर्रीपोहा

काहून एवढा ताण घेऊन राहिली बाप्पा? खांबांचे फोटो दाखव, अर्धे मार्क तिथंच भेटतात. बाकीचं काळेकोट काका सांगतील. जेवण झालं की येतातच इथं.

काळाकोट

झालं जेवण. आलो.

पोरी, विषय काढणाऱ्याने अथेन्स आणि रोम एकाच पोत्यात भरलेत. १७८७ साली संविधान लिहायला फिलाडेल्फियात जमलेल्या मंडळींना अथेन्सची धास्ती होती. त्यांचा जीव होता रोमवर, तेही सीझरच्या आधीच्या प्रजासत्ताक रोमवर. फेडरलिस्टवर तिघांपैकी कोणाचंच नाव नाही, सही आहे 'पब्लिअस' अशी. राजा हाकलून रोमचं प्रजासत्ताक उभं करणाऱ्यांपैकी एक हा पब्लिअस व्हॅलेरिअस. संविधानाचे विरोधक तरी कुठे मागे राहतात? त्यांनी 'ब्रूटस' आणि 'केटो' या नावांनी उत्तरं दिली. दोन्हीकडचे रोमचेच मुखवटे.

तरी तुझी बाजू पडत नाही. 'देणगी'चा अर्थ तू लाव. अथेन्सने त्यांना भीती दिली, आणि त्या भीतीतून संविधानाचे बरेच सांधे तयार झाले, असं मांड. पुरावा ६३व्या लेखात आहे. दीर्घकाळ टिकलेल्या प्रत्येक प्रजासत्ताकाला सिनेट, म्हणजे निवडक वरिष्ठांची सभा, होती असं म्हणून तो स्पार्टा, रोम आणि कार्थेज ही नावं घेतो. पुढे असंही म्हणतो की जुन्या राज्यांपेक्षा आपलं वेगळेपण कशात, तर सगळी जनता एकत्र जमून कारभार करेल याला इथे जागाच ठेवलेली नाही. कारभार प्रतिनिधींनी करायचा. हे वाक्य अथेन्सकडे बघतच लिहिलंय.

मॅडिसन गृहपाठ करून आला होता. जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा प्रतिनिधी होता, त्याच्याकडून त्याने पुस्तकं मागवली आणि १७८६ मध्ये जुन्या-नव्या संघराज्यांवर टिपणं काढली. १८व्या लेखात ती उतरलीत. ग्रीक नगरांचे संघ का बुडाले? केंद्र दुबळं, बलदंड सभासद शिरजोर, आणि त्या भांडणातून मॅसेडोनियाचा राजा फिलिप आत शिरला. संविधानाआधीच्या अमेरिकेतल्या तेरा राज्यांच्या खिळखिळ्या संघाला हे किती झोंबलं असेल बघ. उलट हॅमिल्टन ९व्या लेखात प्राचीन लिसियातल्या नगरांच्या संघाचा चांगला दाखला देतो. तेवीस नगरं, मोठ्याला तीन मतं, मधल्याला दोन, लहानाला एक.

आता खांब. माझी मुलगी व्हर्जिनियात असते, तिच्याकडे गेलो तेव्हा रिचमंडचं विधानभवन बघून आलो. (बाहेर एकही मोर्चा नाही! हिवाळी अधिवेशनाच्या सवयीने मला ते ओकंबोकंच वाटलं.) फ्रान्समधल्या नीमच्या रोमन देवळावर जेफरसनने हे बेतलं. देऊळ डोळ्यांनी बघण्याआधीच त्याने प्लास्टरचा नमुना करून जहाजाने धाडला होता. देऊळ प्रत्यक्ष पाहिलं १७८७ मध्ये, आणि प्रियकरासारखा तासन्‌तास बघत बसलोय असं एका बाईंना पत्रात लिहिलं. म्हणजे तर्रीपोहा, हे खांबही रोममार्गे आलेत.

आत घुमटाखाली उदों या फ्रेंच शिल्पकाराने केलेला वॉशिंग्टनचा संगमरवरी पुतळा आहे. तो नीट बघ, फोटोत दिसतो. अंगावर रोमन वस्त्र नाही, साधा लष्करी कोट. उजव्या हातात चालायची काठी. डावा हात टेकलाय तो एकत्र बांधलेल्या दांड्यांच्या मोळीवर. रोमन अधिकाऱ्यांपुढे शिपाई अशी मोळी घेऊन चालायचे. इथे दांड्या तेरा, म्हणजे राज्यं. तलवार कमरेला नाही, मोळीला अडकवून ठेवलीय. आणि मागे पायाशी नांगर!

तो नांगर सिन्सिनाटसचा. रोमवर संकट आलं म्हणून त्याला शेतातून बोलावून सर्वाधिकार दिले. लढाई जिंकली, अधिकार परत केले आणि गडी पुन्हा शेतात. वॉशिंग्टनने २३ डिसेंबर १७८३ला सेनापतिपद सोडलं तेव्हा लोकांना हाच आठवला. त्याच्या अधिकाऱ्यांनी त्याच वर्षी संघटना काढली, तिला नाव सिन्सिनाटसचं. ओहायोतल्या सिनसिनाटी शहराचं नाव तिच्यावरून पडलं. पुढे १८४१ मध्ये ग्रीनो नावाच्या शिल्पकाराने वॉशिंग्टनला ग्रीक देव झ्यूससारखं उघड्या छातीचं बसवलं, तर लोक हसले. दोन वर्षांत पुतळा संसदेच्या घुमटाखालून बाहेर काढावा लागला.

संत्राबर्फी

सगळं खरं काका, पण नांगराचं कौतुक जरा जपून. वॉशिंग्टनच्या जमिनीवर नांगर धरणारे हात गुलामांचे होते. तेही रोमकडूनच आलं म्हणायचं का?

काळाकोट

गुलामगिरी काही रोमचं पुस्तक वाचून आली नाही, ती नफ्यासाठी आली. पण पांघरूण घालायला पुस्तकं कामी आली. मळेवाले आपल्या गुलामांची नावं सीझर, पॉम्पी, केटो अशी ठेवायचे. कुचेष्टाच ती. पुढे दक्षिणेतल्या समर्थकांनी ॲरिस्टॉटलचा आधार घेतला, काही माणसं जन्मतःच गुलाम असतात म्हणून. पोरी, प्रतिपक्ष हे काढायच्या आत तूच काढ.

कायद्याची_पोर

काका, खूप खूप धन्यवाद! पण परीक्षकांचा तो प्रश्न राहिला.

काळाकोट

राहिला कुठे, त्यासाठीच जागा ठेवली होती. कॉलेजला जाता-येता संविधान चौकातून जातेस ना? तिथे पुतळा आहे त्या माणसाकडे चल.

४ नोव्हेंबर १९४८. बाबासाहेब घटना समितीत मसुदा मांडताहेत. आक्षेप असा की कारभाराचे बारीकसारीक तपशील संविधानात कशाला कोंबले? उत्तर देताना त्यांनी ग्रोटचा उतारा वाचला. ग्रोट म्हणजे इंग्लंडचा बँकर आणि खासदार, ज्याने एकोणिसाव्या शतकात ग्रीसचा बारा खंडी इतिहास लिहिला आणि झुंड म्हणून बदनाम झालेल्या अथेन्सची बाजू घेतली. तो उतारा क्लेइस्थेनिसच्या, म्हणजे अथेन्समध्ये लोकशाहीचा पाया घालणाऱ्याच्या, काळातल्या अथेन्सबद्दलचा आहे. मुद्दा असा: संविधानाने घालून दिलेल्या रीतीबद्दल आदर, आणि सत्तेवरच्यांवर बेधडक टीका करायची मोकळीक, या दोन्ही गोष्टी सगळ्या समाजात मुरल्या पाहिजेत. बाबासाहेबांनी पुढे जोडलं की ही नीती उपजत नसते, ती लावून वाढवावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. म्हणून तपशील लिहून ठेवायचे.

गंमत बघ. तेच अथेन्स. फिलाडेल्फियात त्याला बघून दारं लावली गेली, दिल्लीत त्याच्याकडून अभ्यासक्रम घेतला. मधल्या दीडशे वर्षांत ग्रोट होऊन गेला होता. आपल्याकडे हे कोणी सांगत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

रोमही आहे त्यांच्याकडे. १९३६ला लाहोरसाठी लिहिलेलं, आणि आयोजकांनी रद्द केलेलं 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे भाषण काढ. रोमच्या दोन कॉन्सलपैकी, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी, एक प्लेबियनांचा (सामान्य लोकांचा) असूनही त्यांना खमका माणूस का मिळेना? बाबासाहेब सांगतात, निवडून आला तरी डेल्फीच्या देवळातल्या देवीचा कौल लागायचा, आणि कौल सांगणारे पुजारी पॅट्रिशियन, म्हणजे उच्चकुलीन. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणाशिवाय थांबू नको. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं बौद्ध भिक्खुसंघांना ठाऊक होतं, असं ते तिथे सांगतात. दीक्षाभूमीच्या गावातली पोरगी नुसतं अथेन्स-अथेन्स करून खाली बसली तर मी परीक्षक म्हणून मार्क कापीन.

कायद्याची_पोर

सात मिनिटंच आहेत काका!

काळाकोट

मग लिसिया काप. ग्रीनोही काप. ५५वा आणि ६३वा लेख, नांगर, गुलामांची नावं, आणि शेवटची तीन मिनिटं ग्रोट ते भिक्खुसंघ. आणि कागदात बघून वाचू नको.