डॉ. प्रिचर्ड प्रकरण : शेजारच्या डॉक्टरला संशय आला होता, तरी तो गप्प का?

सायली_वाचतेय :
स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉ. एडवर्ड प्रिचर्डनं १८६५ मध्ये आधी सासूला आणि मग बायकोला विष घालून मारलं. महिन्याभरात घरातल्या दोघी गेल्या. जवळच राहणाऱ्या डॉ. पॅटरसननी दोघींना तपासलं होतं. मग निदान बायको तरी का वाचू नये?

निवृत्त_डॉक्टर :
सायली, तालुक्याच्या गावी जन्मभर मृत्यूचे दाखले लिहिले मी, त्यामुळे हे प्रकरण मला फार लागतं. विष होतं अँटिमनी. तेव्हा ते ओकारी काढायचं औषध, डॉक्टरकडे असणारच. थोडं थोडं दिलं की उलट्या, पायांत गोळे, थकवा. पोटाचं दुखणं म्हणून सहज खपून जातं. सासूच्या दाखल्यावर पॅटरसननी सही नाकारली, मृत्यू अचानक आणि गूढ आहे असं मृत्यूंची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाला कळवलं. निबंधकानं ते पत्र नष्ट केलं! दाखला मग प्रिचर्डनंच दिला आणि तीन आठवड्यांनी बायकोचाही. कोर्टात पॅटरसन म्हणाले, बाईंना विष दिलं जातंय असं मला वाटलं होतं, पण त्या माझ्या पेशंट नव्हत्या. न्यायाधीशांनी त्यांना खडसावलं ते योग्यच केलं. डोळ्यांदेखत माणूस मरत असताना कसला आलाय व्यावसायिक शिष्टाचार?

माजघर :
नोकरांना काहीच कळलं नाही का हो?

निवृत्त_डॉक्टर :
कळलं असणार. बाईंसाठीचं चीज स्वयंपाकिणीनं चाखलं तर तिचा घसा जळला. पण मालक डॉक्टर, शहरातला मोठा माणूस. तिचं कोण ऐकणार? खटल्यात तर बचाव पक्षानं मेरी मॅक्लाउड या पोरसवदा मोलकरणीवरच संशय ढकलायचा प्रयत्न केला. प्रिचर्डपासून तिला दिवस गेले होते, हेही तिला भर कोर्टात सांगावं लागलं. त्या पोरीचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

इतिहासवेडा :
फाशी लोकांसमोर दिली ना?

निवृत्त_डॉक्टर :
हो, २८ जुलै १८६५ ला, ग्लासगो ग्रीन या मैदानासमोर. गर्दीचे अंदाज ८० हजार ते १ लाख. त्या शहरातली ती शेवटची जाहीर फाशी. १८६८ च्या कायद्यानं फाशी तुरुंगाच्या भिंतीआड गेली.

सायली_वाचतेय :
आणि तो पकडला कसा गेला?

निवृत्त_डॉक्टर :
सरकारी वकिलाकडे निनावी पत्र आलं. बायकोचं दफन व्हायच्या आत त्याला अटक झाली, शवविच्छेदनात अँटिमनी सापडलं. सासूचं प्रेत उकरलं, त्यातही तेच. पत्र पॅटरसननीच लिहिलं असावं असं बरेच जण मानतात. त्यांनी शपथेवर नाकारलं.