गांजा फ्रीझरमध्ये टिकतो का?
वरती एकाने लिहिलंय की झिपलॉकमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाका, वर्षानुवर्षं काही होत नाही. थंडीचं ठीक आहे, पण गोठल्यावर फुलांवरचे ते चिकट बारीक दाणे इतके ठिसूळ होतात की पिशवी जरा हाताळली तरी गळून तळाला भुकटी जमते, आणि खरा माल तर त्यातच असतो ना! माझा आतेभाऊ टोरांटोला असतो, तिकडे २०१८ पासून कायदेशीर आहे, त्याच्याकडे तपकिरी काचेच्या बरणीत आत छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) आणि आतला ओलावा ६२ टक्क्यांवर ठेवणारी पुडी असते, बरणी गच्च भरलेली म्हणजे आत हवा कमी, आणि ती हीटरपासून लांब कपाटात. (इथे पुण्यात हे करायच्या भानगडीत पडू नका, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहे.)

अजून एक, जे इथे कुणीच बोललं नाही, ते म्हणजे बुरशी आली नाही म्हणजे माल टिकला असं नाही. मिसिसिपी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी नमुने साध्या खोलीच्या तापमानाला ठेवून मोजलं, तर पहिल्या वर्षातच टीएचसी (नशा आणणारं मुख्य द्रव्य) साधारण १७ टक्के कमी झालं आणि चार वर्षांत ४१ टक्के, त्यातल्या बऱ्याचशाचं सीबीएन नावाचं दुसरं द्रव्य बनतं, ज्याची नशा फारच कमी. आणि उजेड तर सगळ्यात वाईट, त्यामुळे किचनच्या खिडकीत पारदर्शक बरणी ठेवणाऱ्यांनी ती आधी तिथून हलवा, बाकीचं नंतर बघू.