मदत हवी आहे: गेम बॉयवर सेव्ह टिकत नाही

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९८९ साली आलेला तो मूळचा करडा गेम बॉय (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम) आहे. भाचीसाठी जीबी स्टुडिओमध्ये (गेम बॉयचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) एक छोटासा गेम बनवलाय, तिची मांजरसुद्धा आहे त्यात. एमुलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मस्त चालतो. फ्लॅश कार्ट्रिजवर (आपला गेम भरता येतो असं कार्ट्रिज) टाकला तर आधी लोगोच्या जागी नुसती काळी पट्टी खाली यायची, म्हणजे कार्ट्रिज वाचलंच जात नव्हतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पिना पुसल्या. कापूस काळाकुट्ट झाला, पण लोगो आला! इतका आनंद झाला म्हणून सांगू.

आता घोडं अडलंय सेव्हवर. सेव्ह करून लगेच लोड केलं तर सगळं जागेवर. पॉवर बंद करून चालू केली की पुन्हा पहिल्यापासून. कार्ट्रिजमधला सेव्ह टिकवणारा बटन सेल नवा आहे, मीटरवर ३ व्होल्ट दाखवतो. रॉमच्या हेडरमध्ये (गेमच्या फाइलच्या सुरुवातीची कार्ट्रिजची माहिती) ०१४७ या पत्त्यावर १बी (एमबीसी५ ही कार्ट्रिजमधली मेमरी सांभाळणारी चिप, रॅम, बॅटरी) आणि ०१४९ वर ०३, म्हणजे सेव्हसाठी ३२ केबी रॅम, बरोबर दिसतंय.

काही कार्ट्रिज मेन्यूत परतल्यावरच सेव्ह मेमरी कार्डवर उतरवतात, तसं असेल का? की सेल होल्डरचा टाका सुटला असेल? कोणी हे निस्तरलं असेल तर आधी काय तपासू ते सांगा. दिवाळीत भाची येतेय, तिच्या हातात चालता गेम द्यायचाय.